एक्कावन्न रोडगे

आमच्या घरात पांडुरंगाला जावई समजत. समजणारी एकटी मायच होती, पण घरही तिचंच असल्यामुळे बाकीच्यांनी ते मान्य केलं होतं. तिचं माहेर कौंडण्यपूरजवळचं, वर्धा नदीच्या काठचं. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. माय म्हणायची, "रुखमाई अन् मी एका शिवारातल्या. मंग इठोबा आमचा कोन झाला? जवाईच ना?"

देव जावई झाला की त्याचा मान राखावा लागतो आणि त्याची थट्टा करायचा हक्कही आपोआप मिळतो. एकादशीला साबुदाण्याची उसळ देवापुढे ठेवताना ती म्हणायची, "घ्या जवाईबुवा. पोरीले नीट ठेवलं असतं तं वेगळ्या देवळात राह्यची पाळी आली नसती तिच्यावर." पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळं आहे, ती रुसून गेली अशी कथा आहे. माय हे भांडण अजून चालू असल्यासारखं बोलायची. उसळ गार व्हायची, आम्हाला भूक लागलेली असायची, आणि तिचं जावयाला टोचून बोलणं संपता संपत नसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरात देवपूजा अशी हसत होते.

बाबा अगदी उलटे, गुरुदेव सेवा मंडळाचे. आमचा तिवसा तालुकाच तुकडोजी महाराजांच्या सावलीतला. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, आणि खंजिरीवर भजनं म्हणत अशी काही माणसं जोडली की आजही आमच्याकडच्या कितीतरी गावांत दिवस मावळला की सतरंज्या अंथरल्या जातात आणि सामुदायिक प्रार्थना सुरू होते. बाबा तिथे खंजिरी वाजवत. वेळेचे पक्के. पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याकडे असे पाहत की तो दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी यायचा.

त्यांची खंजिरी आजोबांपासूनची. लाकडी कडं, एका बाजूनं मढवलेलं चामडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. अंगठा जिथे टेकतो तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, थोडं खोलगटच. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, मग थाप मारली की भिजलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येतो. त्यासाठी ती शेकावी लागते. घरात गॅस येऊन जमाना झाला, पण मागच्या अंगणातली चूल मायनं मोडू दिली नव्हती. बाबा खंजिरी निखाऱ्यांवर धरायचे, फिरवायचे, बोटानं टिचकी मारायचे आणि मायकडे पाहायचे. माय भाकर थापत असायची. मान वर न करता ती ऐकायची. "आनखी." पुन्हा टिचकी. "आनखी जराक." आणि मग, "झाली. काढा." दहावी नापास बाईचा कान होता तो, आणि चाळीस वर्षं खंजिरी वाजवणारा माणूस त्या कानावर विसंबून होता. हे आम्हाला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

*

एका वैशाखात बाबांच्या छातीत कळ आली. अमरावतीला नेलं, दोन स्टेंट टाकले. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून मायनं शेतातल्या मारोतीला नवस बोलला: माणूस सुखरूप घरी आला तर एक्कावन्न रोडगे. मी विचारलं, एक्कावन्नच का? म्हणाली, "एकवीस कमी वाटले, एकशे एक आपल्याले झेपत नाई."

बाबा सुखरूप घरी आले. आषाढात मायच गेली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, दोन दिवस शुद्धीवर आली नाही. एवढंच.

तेरवीच्या दिवशी एका भल्या गृहस्थांनी बाबांना गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गेल्याचा निरोप आला, तरी गाडगेबाबांनी कीर्तन थांबवलं नाही, ती गोष्ट. बाबा ऐकता ऐकता उठून गोठ्याकडे निघून गेले. मलाही त्या गोष्टीबद्दल कधी बरं वाटलं नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांना जे जमलं ते तेरवीच्या पंगतीत पत्रावळीवर वाढण्यासारखं नाही. त्यांच्या कीर्तनातलं दुसरं काही सांगायचं होतं ना. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणारा तो माणूस रात्री समोरच्यांना एकेक प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचा, आणि स्वतःचीच उत्तरं ऐकून गाव पोट धरून हसायचं. ते कोणी सांगत नाही. दुःखाच्या घरी हसण्याची गोष्ट सांगायला माणसं कचरतात.

बाबा त्या वर्षी याबद्दल फक्त एकदा बोलले. म्हणाले, "देवानं अदलाबदली केली. मले सोडलं अन् तिले नेलं. हा काय येव्हार झाला?" मग त्यांनी खंजिरी खुंटीला टांगली आणि प्रार्थनेला जाणं बंद केलं. सतरंज्या अंथरल्या जायच्या, बाबा दारात बसून रस्त्याकडे पाहत राहायचे. लोकही समजून होते. वर्षभर घर दुःखाचं. दिवाळीत आमची कढई चुलीवर चढली नाही, शेजारच्यांनी डबे भरून फराळ आणून दिला. पौषात संत्र्याला ताण द्यायचा असतो, आंबिया बहार फुटावा म्हणून पाणी तोडायचं असतं. बाबांनी तोडलंच नाही. झाडं हिरवीगार राहिली, फूल धरलं नाही. शेजारचा बागवाला मला फोनवर म्हणाला, "बावाले समजाव गा." काय समजावणार होतो मी?

मी अमरावतीला नोकरीला. रोज सकाळी मोबाइलवर 'आनंदी राहा, आनंद ही निवड आहे' छापाचे, उगवत्या सूर्याचे संदेश यायचे. त्यातले दोनचार मी बाबांना पुढे धाडले. आज त्याची लाज वाटते. आनंद ही निवड असती तर बाबांनी ती केली नसती का? आश्विनात मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा सोहळा असतो. बाबांनी उभ्या आयुष्यात चुकवला नव्हता, तो त्यांनी त्या वर्षी चुकवला. तेव्हा मी खरा घाबरलो.

आरोग्याचं काम बघणारी गावातली आशाताई येऊन गेली. झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटत नाही असं होतं का, सगळं तिनं नीट विचारलं. बाबांचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "बरं हाय." जाताना तिनं माझ्या मोबाइलमध्ये १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर भरून दिला. म्हणाली, "टेलिमानसचा हाय. रातीबिरातीही लागते. लाजायचं नाई." तिचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. आमच्या जिल्ह्यांनी इतकी माणसं गमावली आहेत की नुसतं भजन म्हणा, सगळं ठीक होईल असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. डॉक्टरचं काम डॉक्टरनंच करायचं. तो नंबर मी दोनदा लावला, एकदा बाबांसाठी आणि एकदा स्वतःसाठी.

*

फाल्गुनात आत्या आली. बाबांहून सात वर्षांनी मोठी, काठी टेकत चालते, पण आवाज अजून बांधावरून हाक मारण्याएवढा. आली ती थेट मुद्द्यावर.

"वहिनीचा नवस राह्यला ना?"

बाबा गप्प.

"थे गेली म्हनून देव काई उधारी माफ करत नाई. फेडा लागते."

"मी नाई येत," बाबा म्हणाले.

"नको येऊ. तिनं जीव तुहाच मांगतला होता, तरी तू नको येऊ. मी येतो, पोरं येतीन. एक्कावन्न रोडगे म्हंजे काई डोंगर नाई."

असं म्हणून तिनं तंबाखू मळली. विषय संपला.

चैत्रातला शनिवार ठरला. रोडगे म्हणजे आमच्याकडे पुरुषांचा स्वयंपाक, असं मी पन्नास वर्षं समजत होतो. शेतात, मारोतीपुढे, बाप्ये कणीक भिजवतात, गोवऱ्या रचतात, रोडगे भाजतात. बायका फक्त बसतात. माय चिंचेखाली बसलेली असायची. तिथून तिचे हुकूम सुटायचे, "मोहन कमी हाय. धूर जाऊ द्या आधी. तो कोपऱ्यातला फिरवा, जयते." आम्ही ते कानांनी झेलायचो आणि हातांनी करायचो, आणि श्रेय आपलं आपण घ्यायचो. त्या शनिवारी चिंचेखाली कोणी नव्हतं. चार बाप्ये एका परातीभोवती उभे होते आणि कणकेत मीठ किती घालायचं हे एकालाही माहीत नव्हतं.

काका म्हणाले, मूठभर. मामेभाऊ म्हणाला, मूठभर म्हणजे कोणाची मूठ? शेवटी अंदाजानं टाकलं. कणीक घट्ट मळली, पोळ्या लाटल्या, तेल लावून एकात एक पदर गुंडाळत गोळे केले. गोवऱ्यांचा ढीग पेटवला. धूर सरून त्या लाल व्हायच्या आतच घाई करून पहिला घाणा वर टाकला. तो वरून कोळसा आणि आतून कणीकच राहिला. बैलांनीही तो नाकानं बाजूला सारला.

बाबा आले होते. सकाळी काही न बोलता धोतर बदलून मोटरसायकलवर माझ्यामागे बसले. शेतात मात्र आमच्याकडे पाठ करून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. दुसरा घाणा जमला. निखाऱ्यांवर फिरवून, मग राखेत पुरून, बाहेर काढून गोणपाटावर घोळले की राख झडते आणि रोडगा तांबूस, जागोजागी काळपट डाग पडलेला, हातात घेववत नाही इतका गरम असतो. मोजदाद सुरू झाली. काकांचे पन्नास भरले. माझे बावन्न. मामेभावानं मोजले ते अठ्ठेचाळीस, कारण दोन त्यानं मधेच खाल्ले होते आणि दोन कुठे गेले ते देवालाच ठाऊक. पुन्हा मोजले. पुन्हा तिघांचे तीन आकडे.

"एक्कावन्न मोजता येत नाई का बे तुमाले?"

विहिरीकडून आवाज आला. बाबा तणतणत आले, गोणपाटापुढे उकिडवे बसले आणि दहा-दहाच्या रांगा लावू लागले. बरोबर एक्कावन्न. एक मारोतीपुढे ठेवला, फोडला, त्यावर तुपाची धार धरली. पदर सुटले, वाफ निघाली. त्यांनी हात जोडले की नाही ते मला दिसलं नाही, कारण ते माझ्याकडे पाठ करून होते.

मग पंगत बसली. वरण, रोडगे आणि वांग्याची भाजी. काळा मसाला घालून केलेली, तर्रीवाली. भाजी बघायचं काम कोणा एकाचं नव्हतं, तिथेच सगळं चुकलं. येता-जाता काकांनी चाखली, तिखट कमी वाटलं, टाकलं. मामेभावानंही टाकलं. शेवटी मी टाकलं. तिखट भिवापुरी मिरचीचं. कोणी कोणाला विचारलं नाही.

पहिला घास काकांनी घेतला आणि ते तसेच थांबले. आत्यानं दुसरा घेतला, डोळे मिटले. मामेभावाचा पोरगा पंपाकडे पळत सुटला. कोणाला उचकी लागली, कोणाच्या नाकातून पाणी, सगळी पंगत तोंड उघडून हुश्शहुश्श करत होती. डॉक्टरांनी बाबांना तेल-तिखट वर्ज्य केलं होतं. मी ताट ओढायला हात पुढे केला, तोवर त्यांनी घास गिळला होता. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे वाहू लागले, उपरण्यानं नाक पुसलं. सगळ्या पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले,

"नवस फेडून राह्यले का फवारनी करून राह्यले बे?"

आत्या आधी हसली. मग काका. काकांचं हसणं म्हणजे पंप सुरू होण्यासारखं, आधी दोनदा फुसफुस आणि मग एकदम. आणि मग बाबा. नऊ महिन्यांनी. तोंडात घास, डोळ्यांतून पाणी, खांदे गदगद हलताहेत, थांबवता येत नाही. मधेच त्या हसण्याचा सूर बदलला. आम्हाला सगळ्यांना तो कळला, पण सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोणाचं कशासाठी ते कोणी विचारलं नाही. त्या दिवशी आमच्या पंगतीत आठ माणसं मनसोक्त रडली आणि मिरचीनं सगळ्यांची अब्रू राखली.

थोड्या वेळानं बाबांनी चिंचेकडे पाहिलं. चोरी पकडली जावी तसं. वर्ष पुरं झालं नव्हतं, आणि ते हसले होते. आत्यानं त्यांच्यापुढे ताकाचा गडू ठेवला. "पी," म्हणाली, "तिले चालते."

मिरचीनं जीभ भाजली की शरीर वेदना कमी करणारी स्वतःची द्रव्यं सोडतं, असं शास्त्र आहे. असेल. पण मी नंतर बरेच दिवस विचार करत राहिलो तो वेगळाच. बाबांना कोणी आनंदी व्हायला सांगितलं नव्हतं. आत्यानं सांगितलं होतं की देणं आहे, फेडायला चल. देण्यासाठी माणूस उठतो. आनंदासाठी उठ म्हटलं तर दुखावलेला माणूस कूस बदलतो. आपल्या जुन्या माणसांना हे चांगलं माहीत असणार, म्हणून त्यांनी आनंद कर्तव्याच्या कपड्यांत लपवून ठेवला. सप्ताह बसला की शेवटच्या दिवशी काला करावाच लागतो. दही-लाह्या गोऱ्या-काळ्या सगळ्या हातांनी कालवायच्या, एकमेकांच्या तोंडात भरवायच्या. मन असो नसो. आश्विनात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि खिरापत काय आहे ते डबा हलवून ओळखायला लावतात. माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तर तान्हेपणीच गेली होती, आणि तो माणूस स्वतःला कृष्णाची पत्नी मानून कुंकू लावायचा, मंगळसूत्र घालायचा. लोक हसले असतील. त्यांना काय फरक पडला? आमच्या मातीत देवाशी नातं जोडायचं तर खेळ मांडूनच जोडतात. माय जावयाशी भांडायची ते मला विनोदी वाटायचं. आता वाटतं, एवढी जुनी ओळख असल्याशिवाय ऑपरेशनच्या बाहेर बसून इतक्या हक्कानं मागता येत नाही.

*

संध्याकाळी मामेभावाच्या पोरानं मोटरसायकलच्या डिकीतून खंजिरी काढली. कोणाला न विचारता त्यानं ती घरून आणली होती. बाबांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं, मग खंजिरीकडे. घेतली. थाप मारली. चामडं पार सैल पडलेलं.

गोवऱ्यांचे निखारे अजून होते. बाबा उकिडवे बसले, खंजिरी धरली, फिरवली, टिचकी मारली, आणि सवयीनं मान डावीकडे वळवली. तिथे मी होतो. मला काय कळणार? मी मान हलवली, ती हो होती की नाही ते माझं मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा टिचकी. आणखी. आणि मग फट् असा आवाज झाला आणि चामडं मधोमध उकललं.

कोणी काही बोलेना. पोरगा तर रडकुंडीला आला. बाबांनी त्या फाटलेल्या चामड्यातून बोट आरपार घातलं, बाहेर काढलं, आणि म्हणाले, "थे असती तं तिनं बराबर सांगतलं असतं." त्या वर्षात मायबद्दल ते साध्या आवाजात बोलले ते पहिल्यांदाच.

मग दिवस मावळला. वेळ झाली होती आणि बाबांचा वेळेचा पक्केपणा मेला नव्हता. राखेच्या कडेला आम्ही बसलो. त्यांनी फाटक्या खंजिरीचं कडं हातात धरलं आणि नुसत्या पितळी चकत्या वाजवत प्रार्थना सुरू केली. छन, छन, छन. थाप नाही, नुसता छनछनाट. पहिल्या दोन ओळींत त्यांचा दम पुरला नाही. वर्षभर त्यांचा श्वास म्हणजे नुसते उसासे झाले होते, छातीच्या वरच्या वर. ओळ लांब होती, ती पुरी करायची तर श्वास खोल घ्यावाच लागतो आणि सावकाश सोडावाच लागतो. तिसऱ्या ओळीला तो आम्हा सगळ्यांच्या श्वासाबरोबर आला. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलं होतं की एकत्र गाणाऱ्यांचे श्वास जुळतात, आणि त्यामागोमाग हृदयाचे ठोकेही एका लयीत कमीजास्त होऊ लागतात. दोन स्टेंट असलेल्या त्या हृदयाचं त्या संध्याकाळी काय झालं ते मी मोजलं नाही. प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, "रोडगे उरले का?" एवढं मला माहीत आहे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बहार बुडाला तो बुडालाच, बँकेचा हप्ता थकला. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री बाबा पुन्हा दोन दिवसांसाठी मुके झाले. पण प्रार्थनेला जाऊ लागले.

आश्विनात आम्ही मोझरीला गेलो. पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. दिवसभर भजनं, खंजिऱ्या, माणसांचा पूर, आणि त्या मिनिटाला सगळं थांबतं. माणसं जिथे असतील तिथे उभी राहतात. मी बाबांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, आवाज न करता.

परतताना यात्रेतल्या दुकानात खंजिऱ्या पाहिल्या. दुकानदार म्हणाला, फायबरची घ्या, शेकायची झंझट नाही, पावसापाण्याची चिंता नाही. बाबांनी ती वाजवून पाहिली, "डब्यावानी वाजते," म्हणाले, आणि चामड्याची घेतली. मी म्हटलं, बाबा, शेकताना ऐकणार कोण? त्यांनी उत्तर दिलं नाही.

आता पावसाळ्यात, दिवेलागणीच्या आधी, ऑफिसमधून निघता निघता मला त्यांचा फोन येतो. चुलीतली लाकडं तडतडताना ऐकू येतात. "ऐक," ते म्हणतात आणि फोन खंजिरीजवळ नेऊन टिचकी मारतात. माझ्या आजूबाजूला रिक्षांचे भोंगे, फोनमध्ये खरखर. मला अजूनही त्यातलं काही कळत नाही. मी म्हणतो, "आणखी." पुन्हा टिचकी. "आणखी थोडी." थोडा वेळ थांबतो, आणि मग सांगतो, "झाली. काढा."